जुन्या गाडीचा क्लच खरंच गेलाय का, आणि नवीन टाकूनही परत का जातो

जुनी गाडी ओढत नाहीये असं नुसतं म्हटलं तरी समोरचा लगेच सांगतो, क्लच प्लेट गेली, टाकून घ्या. कधी ते बरोबर असतं, कधी अजिबात नसतं, आणि खरा वैताग तेव्हा येतो जेव्हा नवीन प्लेट टाकून गाडी थोडे महिने मस्त चालते आणि मग परत तोच प्रकार चालू. प्लेट म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे दाबून बसणारी, अस्तर लावलेली चकती, ती झिजण्यासाठीच बनवलेली असते, तिच्या वयाने झिजली तर नवल नाही, पण लवकर झिजली किंवा दर वेळी झिजतेय तर तिला कोणीतरी झिजवतंय, आणि तो कोण हे न बघता नुसती प्लेट बदलली की गिअरबॉक्स उतरवायची मजुरी परत परत भरत बसायचं.

आधी खात्री करा की स्लिपच होतंय, म्हणजे क्लच घसरतोय

क्लच पेडल पूर्ण सोडलंय आणि गाडी गिअरमध्ये आहे तेव्हा इंजिन आणि चाकं एकमेकांना बांधलेली असतात. समजा तुमच्या गाडीत चौथ्या गिअरला ताशी ६० ला आरपीएमचा काटा २००० वर असतो, तर सपाट रस्ता असो, चढ असो, गाडीत एकटे असा की पाच जण, ६० ला तो २००० वरच पाहिजे. वेगळ्या मापाचे टायर टाकले तर आकडा थोडा सरकतो पण तोही मग कायमचा तेवढाच सरकतो. काटा कधी २००० आणि कधी २६०० दाखवत असेल आणि स्पीड तेच असेल तर मधे कुठेतरी घसरतंय, आणि मॅन्युअल गिअरच्या गाडीत घसरायला क्लचशिवाय दुसरी जागा जवळपास नाहीच. म्हणून गाडी चांगली असतानाच दोन तीन गिअरचे हे आकडे बघून ठेवा, फोनमधे टाईप करून ठेवा, पुढे वाद घालायला उपयोगी पडतात.

उलट गाडी ओढत नाही पण ॲक्सिलरेटर दाबला तरी आरपीएमसुद्धा वर जात नाही, इंजिनच दबल्यासारखं वाटतंय, तर क्लचला हात लावू नका. एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर, इंजेक्टर, किंवा सरळ ब्रेक चिकटतोय. ब्रेक चिकटल्यावरही जळका वास येतो आणि लोक त्याला क्लचचा वास समजतात, तेव्हा थोडं चालवून थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघा (रिमला एकदम हात लावू नका, चांगलाच चटका बसतो), एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फारच गरम असेल तर उत्तर तिथे आहे.

टेस्ट कशी करायची तर मोकळा सपाट रस्ता घ्या, चौथ्या किंवा पाचव्या गिअरला ताशी ५०-६० ला निवांत चालू द्या आणि मग ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. क्लच चांगला असेल तर काटा आणि स्पीड दोन्ही सोबत हळूहळू चढतील. गेलेला असेल तर काटा टुणकन वर जाईल, इंजिन नुसतं रेस होईल, गाडी तिथेच, आणि एक दोन सेकंदांनी स्पीड मागून येईल. हे वरच्या गिअरलाच का करायचं, तर पहिल्या दुसऱ्या गिअरला गाडी पटकन पुढे पळते, इंजिनवरचा जोर लगेच कमी होतो आणि अर्धवट झिजलेली प्लेटसुद्धा वेळ मारून नेते. वरच्या गिअरला गाडी पटकन पळू शकत नाही, त्यामुळे इंजिनचा सगळा टॉर्क बराच वेळ प्लेटवर बसतो आणि तिचं पितळ उघडं पडतं. म्हणूनच स्लिपची पहिली खूण ओव्हरटेक करताना किंवा लांबच्या चढावर दिसते, रोजच्या गर्दीत पत्ताही लागत नाही.

हँडब्रेक लावून वरचा गिअर टाकून क्लच सोडायची टेस्ट बरेच जण सांगतात. गाडी बंद पडली तर क्लच ठीक, चालू राहिली तर गेला. टेस्ट खरी आहे पण प्लेटचा जीव काढणारी आहे, दोन तीन सेकंदात बंद पडली नाही तर लगेच पेडल दाबा, आणि एकदाच करा. समोर भिंत किंवा माणूस नको, जुन्या गाड्यांच्या हँडब्रेकवर एवढा विश्वास ठेवू नये. मला स्वतःला रस्त्यावरचीच टेस्ट बरी वाटते. आणि ही हँडब्रेकची टेस्ट पास झाली म्हणजे क्लच पूर्ण ठणठणीत असंही नाही, सुरुवातीची स्लिप यात सापडत नाही.

स्लिप होतंय, पण प्लेट शाबूत असू शकते

हा भाग नीट वाचा कारण पैसे इथेच वाचतात. प्लेट फ्लायव्हीलवर (इंजिनला लावलेलं जड चाक) दाबून धरण्याचं काम प्रेशर प्लेटची (मागून दाबणारा भाग) स्प्रिंग करते आणि तुमचं पेडल त्या स्प्रिंगला मागे ओढतं. म्हणजे पेडल सोडलेलं असतानाही काहीतरी त्या स्प्रिंगला थोडंसं ओढून धरत असेल तर नवीकोरी प्लेटसुद्धा स्लिप होणार.

केबलवाल्या गाडीत सगळ्यात आधी फ्री प्ले बघा. हाताने पेडल हळूच दाबा, सुरुवातीला जो मोकळा प्रवास असतो आणि मग जोर लागायला लागतो, तो मोकळा प्रवास बऱ्याच गाड्यांत साधारण १५ ते २५ मिमी असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधे असतो. गंमत अशी की प्लेट झिजत जाते तसा हा प्ले वाढत नाही, कमी होतो. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या डायफ्रामची (म्हणजे त्याच स्प्रिंगची) बोटं बाहेरच्या बाजूला, रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबल्यावर त्या बोटांना ढकलणारं बेअरिंग) येतात. वेळेवर केबल ढिली केली नाही तर एक दिवस बेअरिंग त्या बोटांवर कायमचं टेकून बसतं, मग स्लिप, स्लिपमुळे उष्णता, उष्णतेने प्लेट अजून खराब, आणि बेअरिंगही सतत फिरून संपतं. क्लच वर पकडायला लागला म्हणतात तो हाच प्रकार. त्यामुळे प्ले शून्य दिसला तर आधी केबल ॲडजस्ट करून टेस्ट परत करा, कधीकधी काम तिथेच संपतं. ॲडजस्टमेंटचा आटा संपलेला असेल तर मात्र प्लेटही संपलेली आहे. काही गाड्यांत केबल आपोआप ॲडजस्ट होणारी असते, तिथे हा प्ले मुळात नसतोच, तेव्हा त्या गाडीला हा नियम लावू नका.

केबलचं आवरण आतून तुटलेलं, गंजलेलं किंवा वितळलेलं असेल तर केबल परत पूर्ण मागे जात नाही, परिणाम तोच. आणि वितळलेलं दिसलं तर नवीन केबल टाकून मोकळे होऊ नका, इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टी तपासा. ती तुटलेली किंवा गंजलेली असली की स्टार्टरचा करंट परत जायला दुसरी वाट शोधतो, आणि क्लच केबल लोखंडाची असते, इंजिनकडून बॉडीकडे जाते, झालं तर मग. केबल तापून आवरण वितळतं, नवीन टाकली की तीही काही दिवसांत तशीच. परत परत केबल जाण्याचं हे कारण कोणी बघत नाही.

हायड्रॉलिक क्लचमधे (केबलऐवजी ऑइलच्या, म्हणजे ब्रेक फ्लुइडच्या, दाबावर चालणारा) प्ले आपोआप सांभाळला जातो, म्हणून क्लच कुठे पकडतो यावरून प्लेटचा अंदाज बांधायला जाऊ नका, प्लेट संपत आली तरी तो बराचसा तिथेच राहतो. इथे स्लिपचं न दिसणारं कारण म्हणजे आत अडकून राहिलेलं प्रेशर. मास्टर सिलेंडरच्या (पेडलजवळचा, ऑइल दाबणारा) पुशरॉडला अजिबात प्ले नसेल तर ऑइल परत टाकीत जायचं भोक झाकलेलं राहतं, गाडी तापली की ऑइल फुगतं, त्याला जायला जागा नाही, आणि ते स्लेव्ह सिलेंडरला (गिअरबॉक्सकडचा, त्या दाबाने क्लच सोडवणारा) ढकलत राहतं. रबरी होज आतून फुगला असेल तरी तेच, दाबताना ऑइल जातं पण परत येत नाही. ओळखायची खूण अशी की गाडी थंड असताना एकदम ठीक आणि अर्धा तास चालली की स्लिप. असं होत असेल तर स्लिप होत असतानाच गाडी बाजूला घ्या, बंद करा, स्लेव्ह सिलेंडरची ब्लीडिंगची स्क्रू किंचित सैल करा. ऑइलची पिचकारी उडाली आणि नंतर क्लच परत व्यवस्थित पकडायला लागला तर गिअरबॉक्स उतरवायची गरजच नाही, दोष वरच आहे.

आणि हो, पेडलखालचं मॅट. जाड मॅटवर मॅट टाकलेली असते, पेडलच्या मागे गोळा होते, पेडल पूर्ण वर येत नाही. हसू नका, हे बघायला फुकट आहे.

गिअर पडत नाही, घरघरतो, तो आजार उलटा

स्लिप म्हणजे क्लच नीट पकडत नाही. दुसरा आजार म्हणजे क्लच नीट सोडत नाही, आणि लोक दोन्हीला क्लच गेला म्हणतात. पहिला गिअर जोर लावून टाकावा लागतो, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज, गिअरमधे क्लच दाबून उभे असलात तरी गाडी हळूच पुढे सरकते, ही याची लक्षणं. टेस्ट सोपी, गाडी चालू, न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबून पाच सात सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून देणारी रिंग) नसतो त्यामुळे आतला शाफ्ट अजून फिरत असेल तर तो लगेच ओरडतो. एवढं थांबूनही ओरडला म्हणजे क्लच सुटत नाहीये. रिव्हर्स गुपचूप पडतो पण एखादाच गिअर, समजा दुसरा, चालताना घरघरतो, तर तो त्या गिअरचा सिंक्रो गेलाय, क्लचचा काही संबंध नाही.

क्लच सुटत नसेल तर बहुतेक वेळा कारण बाहेरच असतं. पेडल दोन तीन वेळा पंप केल्यावर गिअर सहज पडतोय का? मग हायड्रॉलिकमधे हवा आहे किंवा सील गेलंय. स्लेव्ह सिलेंडरचं रबरी बूट बोटाने मागे सरकवून बघा, आतून ऑइल ओघळलं तर सील गेलं. मग आत येऊन पेडलच्या वर, जिथे मास्टर सिलेंडरचा रॉड इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून आत येतो तिथे हात फिरवा, कार्पेटच्या वरच्या कडेला बोटं ओली झाली, रंग फुगून पोपडे आलेले असले तर मास्टर सिलेंडर आतल्या बाजूने गळतोय, बोनेट उघडून कितीही बघितलंत तरी ते दिसणार नाही. यात ब्रेक फ्लुइडच घालतात, बहुतेक गाड्यांना डॉट ३ किंवा डॉट ४, टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. इंजिन ऑइल किंवा कुठलंही हाताला लागेल ते तेल घातलं तर सगळी रबरं फुगून संपतात. फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं, दोन एक वर्षांनी बदललेलं चांगलं, नाहीतर सिलेंडर आतून गंजतो आणि नवीन सील टाकलं तरी महिन्याभरात परत गळती. हे पण एक परत परतवालं दुखणं.

अजून एक बघायचं, कोणालातरी क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही बोनेटमधून ती भिंत बघा जिला केबल किंवा मास्टर सिलेंडर बसवलाय. पत्रा वाकतोय, हलतोय? मग तुमच्या पायाचा निम्मा जोर पत्रा वाकवण्यात जातोय. जुन्या गाड्यांत तिथे तडा गेलेला सापडतो, पेडलचा ब्रॅकेट सैल सापडतो.

गाडी बरेच महिने उभीच होती आणि आता गिअर पडतच नाही, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. इंजिन चांगलं तापवून, क्लच दाबून धरून, मोकळ्या जागेत सुटते का बघतात, पण सांभाळून, सुटते तेव्हा झटका देते.

आवाजावरून

हे थोडक्यात. न्यूट्रलमधे गाडी चालू ठेवा. पेडल दाबल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर जातो, तर रिलीज बेअरिंग. उलट, पेडल सोडलेलं असताना घरघर आणि दाबल्यावर गायब, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून गिअरबॉक्समधे जाणारा दांडा) बेअरिंग, त्याचा खर्च वेगळा आणि त्यासाठी क्लच सेट बदलून काही होणार नाही. हे दोन उलटे समजून लोकांनी गिअरबॉक्स दोनदा उतरवलेत. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मधे स्प्रिंगा असलेलं) असलेली डिझेल गाडी असेल तर इंजिन बंद करताना खडखड होतेय का तेही ऐका, होत असेल तर संशय त्या फ्लायव्हीलवर.

गाडी उचलताना थरथर, म्हणजे पहिल्या गिअरला किंवा रिव्हर्सला क्लच सोडताना अख्खी गाडी हादरते, तर प्लेटवर तेल, फ्लायव्हील तापून वाकडं, किंवा प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा तुटलेल्या. पण त्याआधी इंजिन माउंटिंग बघा, ते फाटलं की हुबेहूब अशीच थरथर येते आणि ते बाहेरून बदलता येतं.

उघडलाच आहे तर नुसती प्लेट बदलून बंद करू नका

खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवायची असते, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर ड्राइव्ह शाफ्टही काढावे लागतात. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच. प्रेशर प्लेट चांगली आहे चालेल अजून असं सांगणारे भेटतात, ऐकू नका, तिची स्प्रिंग प्लेटसोबतच तापून थकलेली असते.

आणि काढलेली जुनी प्लेट टाकून देऊ नका, हातात घ्या, ती सगळी कहाणी सांगते. अस्तर रिव्हेटपर्यंत सारखं झिजलंय, दोन्ही बाजूंनी एकसारखं, तर नैसर्गिक वयाने गेली, छान. (रिव्हेटचं डोकं अस्तराच्या किती खाली आहे ते मोजतात, बऱ्याच मॅन्युअलमधे ०.३ मिमी ही शेवटची मर्यादा असते.) अस्तर जाड शिल्लक आहे पण काचेसारखं चकचकीत आणि काळं पडलंय, तर अति तापलंय, म्हणजे हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) चालवणं किंवा वर सांगितलेला प्ले किंवा प्रेशर अडकण्याचा दोष. ओलं, तेलकट, कडेला काळा चिखल साठलेला, तर सील. मधल्या हबचे दाते झिजलेत किंवा हब फाटलंय, तर गिअरबॉक्स बसवताना सरळ बसला नव्हता, बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सचं क्लच झाकणारं तोंड) डॉवेल पिना (जागा नेमकी धरणाऱ्या) आहेत का बघा, मागच्या वेळी कोणीतरी हरवून तशीच बसवलेली असते. डायफ्रामच्या बोटांवर बेअरिंगने खोल चर पाडलाय तर बेअरिंग कायम टेकून होतं.

तेलकट निघाली तर तेल कुठून आलं हे शोधल्याशिवाय नवीन प्लेट आत घालायची नाही, हा नियमच करा. फ्लायव्हीलच्या मागून ओघळ आलाय तर क्रँकचं (इंजिनचा मुख्य दांडा) मागचं सील, गिअरबॉक्सच्या तोंडातून आलाय तर इनपुट शाफ्टचं सील. गिअर ऑइलचा वास उग्र, गंधकासारखा असतो, इंजिन ऑइल पातळ आणि काळं, नाक आणि बोटं पुरतात. ओळखीतल्या एकाच्या गाडीत पाठोपाठ दोन सेट टाकून झाले, दोन्ही वेळा कंपनीचा माल खराब म्हणून सांगितलं गेलं, तिसऱ्या वेळी दुसऱ्या मेकॅनिकने फ्लायव्हीलच खोललं तर मागचं सील कडक होऊन त्याला चीर गेलेली, किंमत विचाराल तर सेटच्या तुलनेत काहीच नाही. गिअरबॉक्स खाली असताना हे सील बदलायला थोडासाच वेळ लागतो, गळत नसलं तरी जुन्या गाडीत बदलून घ्या.

फ्लायव्हीलवर निळसर डाग, बारीक भेगा, किंवा रिव्हेटने पाडलेले चर असतील तर लेथवर फेसिंग मारून घ्यावं लागतं. तसंच ठेवलं तर नवीन प्लेट खडबडीत पृष्ठभागावर घासते, सुरुवातीपासून थरथर आणि पुन्हा लवकर झीज. किती मटेरियल काढायचं याला मर्यादा असते, आणि ड्युअल मास फ्लायव्हीलला हे सहसा करतच नाहीत, गेलं की बदलायचं.

बसवताना मेकॅनिकच्या बाजूला उभं राहता आलं तर राहा. प्लेटला पुढची मागची बाजू असते. ती मधोमध बसवायला डमी शाफ्ट वापरतात, नजरेने नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. इनपुट शाफ्टच्या दात्यांना ग्रीस अगदी पातळ थर, जास्त लावलं की फिरताना उडून अस्तरावर जातं आणि आपणच केलेली तेलकट प्लेट तयार. गिअरबॉक्स वर चढवताना त्याचं वजन प्लेटच्या हबवर लटकू द्यायचं नाही, हब वाकतं, मग क्लच सुटत नाही आणि सगळे केबल ॲडजस्ट करत बसतात. आणि हवेची नळी मारून ती काळी धूळ उडवू देऊ नका, जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा.

एवढं सगळं बरोबर निघूनही प्लेट लवकर जात असेल तर मग आपला पाय. गाडी चालताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायचा, चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरून उभं राहायचं, गर्दीत इंचाइंचाने हाफ क्लच. ट्रॅफिकमधे पुढच्या गाडीला थोडं पुढे जाऊ द्या आणि मग एकदम जा. चढावर हँडब्रेक वापरा, तो त्यासाठीच आहे. घरात दोघं तिघं गाडी चालवत असतील तर कोणाच्या हातात असताना जळका वास येतो ते बघा, पण ते कसं बोलायचं हे तुमचं तुम्ही ठरवा.

स्लिप सुरू झालीच आहे आणि लगेच काम करता येत नाही, तर ॲक्सिलरेटर हळू द्या, चढावर खालचा गिअर, सामान कमी, ओव्हरटेक नको, आणि वास आला की थांबून थंड होऊ द्या. असं थोडं अंतर निघतं, पण जास्त दिवस ओढलं तर रिव्हेट बाहेर येऊन फ्लायव्हील खातात आणि बिल वाढतं. नवीन बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर तिला अस्तर बसायला द्या, फुल ॲक्सिलरेटर आणि जड ओझं नको, या काळात हलका वास किंवा थोडी थरथर आली तर घाबरू नका. आणि तेवढे किलोमीटर झाले की केबलवाल्या गाडीचा फ्री प्ले परत एकदा हाताने बघा, कारण सुरुवातीला अस्तर बसताना तो थोडा कमी होतो आणि तेव्हाच ॲडजस्ट करायचा राहून जातो.